बेटावर अंडी घालणारी कासवं आणि बेटाभोवती चरणारी कासवं

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, मुख्य भूमीपासून साधारण ८० किलोमीटरवर बोनेअर हे छोटं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्यात उतरणाऱ्याला समुद्री कासव दिसणं ही नवलाची गोष्ट नाही. दिसणारं कासव बहुधा वयात न आलेलं असतं, कवचाची लांबी तीस ते साठ सेंटिमीटर. समोर जेमतेम ८०० मीटरवर क्लाइन बोनेअर हे निर्मनुष्य बेट आहे. तिथल्या वाळूवर हंगामात रात्रीच्या वेळी पूर्ण वाढलेल्या माद्या अंडी घालायला येतात. पाण्यातली ही छोटी कासवं त्या माद्यांचीच पिल्लं असणार, असं कोणालाही वाटेल. बहुतेक वेळा ती नसतात.

किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी वर्षातला बराचसा काळ शेकडो किलोमीटर दूर, दुसऱ्याच देशाच्या पाण्यात चरत असते. किनाऱ्यालगत चरणारं कासव भलत्याच बेटावर जन्मलेलं असतं आणि मोठं झाल्यावर अंडी घालायला तिकडेच परत जाणार असतं. ही एक गोष्ट समजली, की छोट्या बेटांवरच्या कासवांविषयीचे बरेच गोंधळ सुटतात. किनाऱ्यावर घरटी वाढत असताना पाण्यातली कासवं कमी का होतात, किंवा एका बेटाने पकडण्यावर बंदी घातली तरी तिथली घरटी का घटतात, ही कोडी त्यातून उलगडतात.

आयुष्याचा प्रवास असा असतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू समुद्रात शिरतं आणि प्रवाहाबरोबर खोल समुद्रात जातं. तिथे सरगॅसम या तरंगत्या शैवालाच्या आडोशाने ते काही वर्षं काढतं. कवच २० ते ३५ सेंटिमीटरचं झालं, की ते एखाद्या बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात उतरतं आणि तिथेच दहा-वीस वर्षं राहतं. हे बेट कोणतं असेल ते जन्मभूमीवर कमी आणि प्रवाहांवर जास्त अवलंबून असतं. वयात यायला हॉक्सबिल जातीच्या कासवाला साधारण वीस वर्षं किंवा जास्त लागतात, हिरव्या कासवाला त्याहूनही अधिक. मग नर-मादी दोघंही आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परततात. हा परिसर ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणांवरून ओळखतात, असे भक्कम पुरावे आहेत. मिलनानंतर मादी एका हंगामात अनेकदा अंडी घालते, आपल्या चराऊ जागेकडे निघून जाते आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा येते.

कॅरिबियनच्या छोट्या बेटांवर मुख्यतः चार जाती अंडी घालतात: हॉक्सबिल, हिरवं कासव, लेदरबॅक आणि लॉगरहेड. कोकणात येणारं ऑलिव्ह रिडले इथे क्वचितच दिसतं. रात्री कासव प्रत्यक्ष दिसलं नाही, तरी सकाळी वाळूवरचा माग वाचून जात ओळखता येते. हॉक्सबिल आणि लॉगरहेड चालताना डावा-उजवा पाय आलटूनपालटून टाकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांसमोर येत नाहीत. त्यांच्या मागाची रुंदी ७० ते ९० सेंटिमीटर असते. हिरवं कासव आणि लेदरबॅक दोन्ही पुढचे फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, एकदमच रेटतात, म्हणून ठसे समोरासमोर पडतात. हिरव्याचा माग साधारण एक मीटर रुंद, लेदरबॅकचा दीड ते दोन मीटर. मादी पुढे सरकताना वाळू मागे ढकलते. वाळूचे छोटे ढिगारे समुद्राच्या बाजूला असतील तर तो वर चढतानाचा माग, जमिनीच्या बाजूला असतील तर परतीचा. दोन्ही माग मिळाले आणि मध्ये उकरलेली, उडवलेली वाळू दिसली तर घरटं असण्याची शक्यता. माग नुसताच वळसा घालून परत गेला असेल तर मादी अंडी न घालताच फिरली. ही नोंदही तेवढ्याच काळजीने करतात. एखाद्या पट्ट्यावर अशा परतफेऱ्या अचानक वाढल्या, तर नवा दिवा, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, शैवालाचा ढीग किंवा धूप होऊन तयार झालेला वाळूचा उभा कडा, यापैकी काहीतरी तिथे उभं राहिलेलं असतं.

हॉक्सबिलची रात्र इतरांपेक्षा वेगळी असते. उघड्या वाळूत न थांबता ती थेट झाडीत शिरते, विशेषतः सी-ग्रेप या रुंद पानांच्या किनारी झुडपाखाली. आधी ती बसायची जागा साफ करते, मग मागच्या दोन्ही फ्लिपरनी आळीपाळीने खड्डा खणते. हा खड्डा फार खोल नसतो. अंड्यांचा तळ साधारण ४५ सेंटिमीटरवर असतो. हिरव्या कासवाचा खड्डा याहून बराच खोल जातो, लेदरबॅकचा तर ७०-८० सेंटिमीटरपर्यंत. अँटिग्वाच्या किनाऱ्यावर हॉक्सबिल एका वेळी सरासरी दीडशेच्या आसपास अंडी घालते, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती घालताना तिला आजूबाजूचं भान फारसं नसतं. म्हणून मोजमाप आणि टॅग लावणं याच वेळी करतात, त्याआधी नाही. जागा शोधत असताना किंवा खणत असताना कोणी जवळ गेलं, तर ती काम सोडून समुद्राकडे वळते. अंडी झाकून वाळू उडवून परतेपर्यंत एक ते दीड तास जातो. मग साधारण दोन आठवड्यांनी ती पुन्हा येते आणि एका हंगामात असं चार-पाच वेळा करते.

या वेळापत्रकावरच अँटिग्वाच्या लाँग आयलंडवरचा जंबी बे हॉक्सबिल प्रकल्प उभा आहे. १९८७ पासून तिथे जून ते मध्य नोव्हेंबर या काळात रात्रभर दर तासाला गस्त होते. पाश्चर बे हा किनारा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. मादी वाळूवर तासाहून जास्त वेळ असते आणि गस्त दर तासाला होते, त्यामुळे एकही मादी नजरेतून सुटू नये अशी ही आखणी आहे. प्रत्येकीच्या पुढच्या फ्लिपरच्या मागच्या कडेला क्रमांकाचा गंज न धरणारा धातूचा टॅग लावतात. समुद्रात असे टॅग गळून पडतात, म्हणून दोन्ही बाजूंना लावायचे, आणि शक्य असेल तिथे त्वचेखाली तांदळाएवढी इलेक्ट्रॉनिक चिपही बसवायची. टॅगही नाही आणि जुन्या टॅगचा व्रणही नाही, अशी मादी आली तर ती पहिल्यांदाच अंडी घालायला आलेली असावी असं धरता येतं. दरवर्षी अशा नव्या माद्या किती येतात, या आकड्याला आमच्या मते एकूण घरट्यांच्या आकड्याहून जास्त मोल आहे.

एकूण घरट्यांचा आकडा फसवतो कसा, ते एका हिशेबातून दिसेल. समजा एका बेटावर हंगामात १२० घरटी मोजली. एक मादी चार वेळा अंडी घालते असं धरलं तर त्या ३० माद्या झाल्या. त्या दर तीन वर्षांनी येतात असं धरलं तर त्या किनाऱ्याच्या एकूण माद्या साधारण ९०. आता प्रत्यक्षात मादी चारऐवजी पाच वेळा घालत असेल, तर हाच आकडा ७२ वर येतो. शिवाय सगळ्या माद्या वर्षांमध्ये समान वाटून येत नाहीत. एखाद्या वर्षी खूप येतात, पुढच्या वर्षी निम्म्याच. त्यामुळे दोन वर्षांची तुलना करून वाढ किंवा घट जाहीर करू नये. निदान दहा-पंधरा हंगामांची सलग, एकाच पद्धतीने केलेली मोजणी हवी.

आता वाळूखाली काय होतं ते पाहू. अंडी फुटायला साधारण ५५ ते ६५ दिवस लागतात. हा काळ आणि पिल्लांचं लिंग, दोन्ही तापमानावर ठरतं. उबवणीच्या मधल्या एक-तृतीयांश काळात घरट्याचं तापमान २९ अंशांच्या आसपास असेल तर नर-मादी साधारण निम्मे-निम्मे, त्याहून गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. तापमान ३३-३४ अंशांच्या वर टिकून राहिलं तर गर्भ मरू लागतात. छोट्या बेटांवर इथे वाळूचा रंग महत्त्वाचा ठरतो. बोनेअरसारख्या प्रवाळी बेटांची वाळू पांढरी, तुलनेने थंड. सेंट युस्टेशियससारख्या ज्वालामुखी बेटावर ती काळसर, म्हणून जास्त तापणारी. सेंट युस्टेशियसवरच्या वाळूच्या तापमानाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक या तिन्ही जातींची बहुतेक पिल्लं माद्याच निघत असल्याचं दिसलं, आणि तापमान वाढेल तसं हे प्रमाण आणखी कलेल, असा अंदाज मांडला गेला. याच्या उलट बाजूला पाऊस आहे. ग्रेनाडातल्या लेव्हेरा किनाऱ्यावर दीर्घ पावसाने लेदरबॅकच्या खोल घरट्यांचंही तापमान खाली येतं, असं मोजमापातून दिसलं आहे. म्हणजे ओल्या महिन्यांतली घरटी नरांसाठी मोलाची.

सावलीचं महत्त्वही यातूनच कळतं. हॉटेलवाले समुद्राचं दर्शन मोकळं व्हावं म्हणून सी-ग्रेप छाटतात. मग हॉक्सबिलला आडोसा मिळत नाही, ती परत फिरते किंवा उघड्यावर घालते आणि ते घरटं जास्त तापतं. जागा भरून काढायला सुरूची झाडं लावली तर अडचण वाढते. सुरू मूळचा कॅरिबियनचा नाही. त्याच्या मुळांची दाट जाळी मादीला खणू देत नाही आणि वादळात तो उन्मळून पडतो तेव्हा किनाराही उचकटतो. कोकणात सुरूची बनं पाहिलेल्यांना ही मुळं माहीत असतील. स्थानिक झुडपं, मागे ठेवलेली मोकळी जागा आणि दोन झुडपांमध्ये मादीला जाता येईल एवढी वाट, अशी लागवड उपयोगी पडते.

अंड्यांना हवाही लागते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून ऑक्सिजन आत जातो. भरतीचं पाणी एखाद्या वेळी घरट्यावरून गेलं तर ती बहुधा वाचतात. पण घरटं तासन्‌तास पाण्यात बुडालेलं राहिलं किंवा हे वारंवार झालं तर गर्भ गुदमरतात. लेदरबॅकला हा धोका सर्वांत जास्त, कारण ती झाडीपर्यंत न जाता उघड्या वाळूतच घालते. सेंट क्रॉय बेटावरच्या सँडी पॉइंटला किनाऱ्याचा काही भाग दरवर्षी वाहून जातो आणि पुन्हा भरतो. त्यामुळे तिथे धोक्याच्या पट्ट्यातली अंडी उचलून सुरक्षित जागी पुरण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे.

पण अंडी हलवणं हा शेवटचा उपाय. अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं की नाजूक पडदे फाटतात आणि गर्भ मरतो, बाहेरून मात्र काहीच कळत नाही. म्हणून हलवायचंच असेल तर शक्यतो पहिल्या सहा तासांत. जी बाजू वर होती तीच वर ठेवायची, अंडी उन्हात ठेवायची नाहीत, आणि नवा खड्डा त्या जातीच्या मूळ खड्ड्याच्याच खोलीचा नि आकाराचा खणायचा. उथळ पुरली तर अंडी शेकतात. खोलगट जागी पुरली तर खाली पाणी साचतं. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक, त्या काळात हात लावू नये. कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे उबवण्याच्या जागेत, नेण्याची पद्धत रुजवली, कारण तिथे अंडी काढून नेणारी माणसं, कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून घरटं जागेवर वाचणं कठीण होतं. लाँग आयलंडसारख्या रात्रभर पहारा असलेल्या किनाऱ्यावर घरटी जिथल्या तिथे ठेवणंच बरं, कारण मादीने निवडलेल्या वेगवेगळ्या जागांमुळे तापमानातही विविधता राहते आणि नर-मादी दोन्ही मिळतात. दोन ठिकाणी दोन उत्तरं बरोबर असू शकतात.

शत्रूंपैकी एक थेट आपल्याकडून गेलेला आहे. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारावेत म्हणून १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली गेली आणि तिथून त्यांची पिलावळ बेटाबेटांवर सोडली गेली. उंदरांचा बंदोबस्त झालाच नाही. मुंगूस दिवसा फिरणारं, उंदीर रात्री. मुंगसाला हॉक्सबिलची उथळ, झाडीतली घरटी मात्र सहज सापडली. लेदरबॅकच्या खोल अंड्यांपर्यंत ते सहसा पोहोचत नाही. सेंट क्रॉयजवळच्या बक आयलंडवर मुंगसांचा पद्धतशीर बंदोबस्त केल्यावर घरटी वाचू लागली. प्वेर्तो रिकोच्या मोना बेटावर हीच भूमिका रानटी डुकरांची आहे. तिथे घरट्यांच्या किनाऱ्यांना कुंपण घालावं लागलं. छोट्या बेटावर शिकारी प्राण्याला हटवणं मोठ्या भूमीपेक्षा जमण्यासारखं असतं, आणि पैसा थोडा असेल तर तो आधी इथे घालावा.

पिल्लं रात्री, वाळू थंड झाली की एकत्र वर येतात आणि क्षितिजाच्या कडेचा उजळ, मोकळा भाग शोधत निघतात. नैसर्गिक किनाऱ्यावर तो भाग समुद्राचा असतो, झाडीची बाजू काळोखी आणि उंच. बार्बाडोससारख्या हॉटेलांनी वेढलेल्या किनाऱ्यावर उजेड उलट दिशेला असतो. मग पिल्लं रस्त्यावर, गटारात, पोहण्याच्या तलावात जातात, किंवा पहाटेपर्यंत भरकटून उन्हात सुकतात. बार्बाडोसमध्ये १९९८ पासून कासवं पकडण्यावर पूर्ण बंदी आहे आणि तिथली हॉक्सबिल संख्येने चांगली सावरली. त्यामुळे आता तिथे दिव्यांचा प्रश्न आणखी ठळक झाला आहे. दिवा कमी उंचीवर बसवावा, त्याला वरून आणि समुद्राकडून झाकण असावं, आणि प्रकाश ५६० नॅनोमीटरहून लांब तरंगलांबीचा, म्हणजे पिवळसर केशरी ते लाल असावा. पांढऱ्या एलईडीवर नुसता पिवळा कागद चिकटवून भागत नाही, निळा प्रकाश त्यातूनही गळतो. तपासायचं असेल तर रात्री वाळूवर पालथं पडून, डोळे पिल्लाच्या उंचीवर आणून पाहावं. दिव्याचा उगम दिसला की तो चुकला.

पिल्लं बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून मोजतात. रिकामी कवचं १२० आणि न फुटलेली अंडी ३० मिळाली, तर १५० पैकी १२०, म्हणजे ८० टक्के फुटली. पण आत दहा पिल्लं जिवंत किंवा मेलेली अडकलेली आढळली, तर बाहेर पडलेली फक्त ११०, म्हणजे ७३ टक्के. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे. फुटण्याचं प्रमाण कमी असेल तर दोष तापमानात, पाण्यात किंवा हलवण्यात शोधावा. फुटली भरपूर पण बाहेर कमी आली असतील तर वर वाळू दाबली गेली आहे का, मुळं अडली आहेत का, ते पाहावं.

२०११ पासून एक नवा ताण आला आहे. अटलांटिकमधून सरगॅसमचे प्रचंड पट्टे कॅरिबियनकडे वाहत येऊ लागले. समुद्रात पिल्लांना आसरा देणारं हे शैवाल किनाऱ्यावर मीटरभर उंच ढिगांत साचतं तेव्हा मादीला वर चढता येत नाही आणि पिल्लांना खाली उतरता येत नाही. ते कुजू लागलं की उथळ पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि समुद्री गवतही मरतं. घाईघाईने यंत्र लावून ते खरवडलं, तर वाळूही जाते आणि खालची घरटी चिरडतात. हंगामात ते हाताने, दाताळ्याने, भरतीरेषेच्या खालच्या बाजूनेच काढावं, सकाळची गस्त होऊन नवी घरटी खुणावल्यावर. काम सावकाश होतं, पण दुसरा बरा मार्ग नाही.

इथवर किनारा झाला. बेटाभोवतीच्या चराऊ पाण्याची गोष्ट वेगळीच आहे.

लेदरबॅक बेटाजवळ चरतच नाही. ती जेलीफिश खाते आणि अंडी घालून झाली की उत्तर अटलांटिककडे, पार कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जाते. बेटाभोवती कायम चरतात ती हिरवी कासवं आणि हॉक्सबिल.

हिरवं कासव समुद्री गवत खातं, कॅरिबियनमध्ये मुख्यतः टर्टल ग्रास. बोनेअरच्या वाऱ्याकडच्या बाजूला लाक ही उथळ खाडी आहे, कडेला खारफुटी आणि आत गवताचं कुरण. तिथे कासव पातं बुडापासून तोडतं. वरचा जुना, जाडसर भाग तरंगून जातो. काही दिवसांत बुडातून कोवळं पातं येतं, त्यात प्रथिनं जास्त आणि पचायला जड तंतू कमी. म्हणून कासव नव्या कुरणात न जाता त्याच तुकड्यावर परत परत येतं आणि कुरणात आखूड गवताचे स्पष्ट तुकडे दिसू लागतात. मोठ्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने ते हे गवत आंबवून पचवतं. त्याचं शरीर याच आहाराला मुरलेलं आहे. म्हणूनच बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्यटकांसाठी हिरव्या कासवांना मासे भरवतात, ती सवय वाईट. त्याने शरीराचा तोल बिघडतो, आणि त्याहून घातक म्हणजे बोटीचा आवाज आला की कासव पळण्याऐवजी जवळ येतं.

आता लाकमध्ये एक पाहुणं गवत आलं आहे. हॅलोफिला स्टिप्युलेसिया हे मूळचं हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्राचं, सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात गेलेलं गवत २००२ मध्ये ग्रेनाडाला आढळलं आणि तिथून बेटाबेटांवर पसरलं. पातं छोटं, मुळं उथळ, वाढ झपाट्याची. कासवांना मात्र टर्टल ग्रासच आवडतं. ती ते खात राहतात, तिथे उजेड आणि जागा मोकळी होते, आणि ती हॅलोफिला पटकावतं. लाकमधल्या अभ्यासात ही साखळी दिसून आली. कासवं वाढली तर कुरण आपोआप सुधारेल, हे गृहीत प्रत्येक ठिकाणी धरता येत नाही. लक्षद्वीपच्या अगात्ती सरोवरात हिरव्या कासवांची दाटी झाली तेव्हा त्यांनी कुरणं अक्षरशः संपवली होती. तरी याचा अर्थ कासवं जास्त झाली, त्यांना हटवा, असा काढायचा नाही. कॅरिबियनमध्ये एके काळी कोट्यवधी हिरवी कासवं होती असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. फरक हा की तेव्हा कुरणं विस्तीर्ण होती आणि कासवांना एका जागी थांबू न देणारे मोठे शार्कही होते.

बंदिस्त खाड्यांमध्ये हिरव्या कासवांना आणखी एक त्रास होतो. डोळ्यांभोवती, मानेवर, फ्लिपरच्या बुडाशी फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या गाठी येतात. त्यामागे नागीण-वर्गातला विषाणू असतो. गाठी डोळ्यांवर आल्या तर कासव उपाशी मरतं, काहींच्या आपोआप विरतातही. जाळ्यात कासवं धरून मोजणाऱ्यांनी गाठीचं कासव शेवटी हाताळावं आणि त्याची उपकरणं वेगळी ठेवावीत.

हॉक्सबिलचं खाणं ऐकून विश्वास बसत नाही. ती स्पंज खाते, ज्यांच्या अंगात काचेसारख्या सिलिकाच्या सुया आणि अनेकदा विषही असतं. १९८८ मध्ये संशोधक ॲन मेलन यांनी कॅरिबियनमधल्या हॉक्सबिलच्या पोटातलं अन्न तपासून हे दाखवून दिलं. सगळेच स्पंज तिला चालत नाहीत, काँड्रिला हा तिचा विशेष आवडता. काँड्रिला प्रवाळावर पसरून त्याला झाकून टाकतो, म्हणून तो खाणारं कासव प्रवाळाला श्वास घ्यायला जागा करून देतं. एक हॉक्सबिल वर्षानुवर्षं प्रवाळभित्तीच्या एखाद्या चौरस किलोमीटरहूनही लहान पट्ट्यात राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एका बेटाजवळच्या त्या पट्ट्यावर जाळी लावली तर तिथली कासवं संपतात आणि शेजारून लगेच भरून येत नाहीत.

प्रवाळाचा आणखी एक धागा थेट अंड्यांपर्यंत पोहोचतो. प्रवाळी बेटाची पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी शैवालाचा चुरा, त्यातला बराच पोपटमाशांनी कुरतडून टाकलेला. प्रवाळभित्ती मेली की नवी वाळू तयार होणं मंदावतं, लाटा अडत नाहीत आणि घरट्यांचा किनारा झिजू लागतो.

चरणारी कासवं कुठली, हे कळतं जनुकांवरून. प्रत्येक मोठ्या किनाऱ्याच्या माद्यांमध्ये आईकडून येणाऱ्या जनुकीय खुणांचं प्रमाण वेगळं असतं. मोना बेटाभोवती चरणाऱ्या हॉक्सबिलचे नमुने १९९० च्या दशकात तपासले, तेव्हा त्या कॅरिबियनभरच्या अनेक किनाऱ्यांवरून आलेल्या निघाल्या. उलट दिशेचं उत्तर उपग्रह टॅग देतो. २००३ पासून बोनेअरवर अंडी घातलेल्या माद्यांना असे टॅग लावले जात आहेत. त्यांतल्या काही निकाराग्वा-होंडुरासजवळच्या उथळ पट्ट्यापर्यंत गेल्या. बोनेअरमध्ये कासवांना १९९१ पासून पूर्ण संरक्षण आहे. निकाराग्वाच्या किनाऱ्यावर मात्र मिस्किटो लोकांची हिरव्या कासवांची जुनी, कायदेशीर शिकार आहे आणि त्यात दरवर्षी हजारो कासवं जातात. क्लाइन बोनेअरच्या वाळूवर पहाऱ्यात सुखरूप अंडी घातलेली मादी तिकडे जाळ्यात सापडू शकते. त्या लोकांसाठी हे शतकांचं अन्न आहे, त्यांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय बोनेअरच्या घरट्यांचं भवितव्यही ठरत नाही.

म्हणून पकडणं पूर्ण थांबवता येत नसेल, तिथे निदान कोणत्या आकाराची कासवं पकडायची हे नीट ठरवावं लागतं. जुने कायदे छोटी कासवं सोडा आणि मोठी धरा असं सांगत. माशांसाठी ते ठीक, कासवांसाठी उफराटं. हजारात एखादंच पिल्लू वयात येतं आणि त्याला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणून अंडी घालणारी मादी ही सगळ्यात महाग पडणारी हानी. टर्क्स अँड कैकोस बेटांनी २०१४ मध्ये नियम बदलून मोठ्या कासवांना संरक्षण दिलं, मधल्या आकाराचीच पकडण्याची मुभा ठेवली. स्थानिक मच्छीमारांशी अनेक वर्षं चर्चा करून हा बदल झाला आणि आमच्या मते तो अनुकरणीय आहे.

हॉक्सबिलच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद होत गेला. सर्वांत मोठा गिऱ्हाईक असलेल्या जपानने आयात १९९२ अखेर थांबवली. त्यानंतर जन्मलेली पिल्लं आता कुठे अंडी घालू लागली आहेत. एखाद्या बेटाचा वार्षिक अहवाल हाती आला, तर त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: सलग किती हंगामांची मोजणी आहे, टॅग किंवा व्रण नसलेल्या नव्या माद्या किती, आणि चरणाऱ्या छोट्या कासवांची मोजणी घरट्यांपासून वेगळी दिली आहे का. लाकमधली छोटी हिरवी कासवं वाढली असतील, तर त्याचं कारण कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरोला किंवा व्हेनेझुएलाच्या इवल्याशा आव्हेस बेटावर शोधावं लागेल, जिथे कॅरिबियनमधली हिरवी कासवं सर्वाधिक संख्येने अंडी घालतात. आणि क्लाइन बोनेअरची घरटी कमी झाली असतील, तर पहिला प्रश्न विचारावा लागेल निकाराग्वाच्या पाण्याबद्दल.